तुरेवाला टिनामू (युड्रोमिया): सारखे विचारले जाणारे प्रश्न

पॅटागोनियाच्या (दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक) ट्रिपमधला या पक्ष्याचा एक फोटो आणि त्याच्या अंड्यांचा एक मी आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर टाकला, खाली 'शहामृगाचा नातेवाईक' असं लिहिलं आणि तेव्हापासून जे प्रश्न यायला लागलेत ते थांबायचं नावच घेत नाहीत. अर्धे लोक म्हणतात तित्तर आहे, उरलेल्यांना अंड्यांचा फोटो खोटा वाटतो. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय. आधी साधे प्रश्न घेतलेत, डोकं खाणारे शेवटी.

हा पक्षी नक्की कोण? तित्तरच वाटतोय की!

तित्तर नाही. हा टिनामू. टिनामू हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांचं एक अख्खं कुळ आहे, नऊ जीनस (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि पंचेचाळीसच्या वर जाती. त्यातला युड्रोमिया हा एक जीनस, ज्याच्या डोक्यावर लांब बारीक तुरा असतो. त्यात दोनच जाती येतात, एलिगंट क्रेस्टेड टिनामू आणि केब्राचो क्रेस्टेड टिनामू. माझ्या फोटोतला एलिगंट. अर्जेंटिनात त्याला सरळ 'मार्तिनेता' म्हणतात, नाहीतर 'मार्तिनेता कोपेतोना', म्हणजे तुरेवाली मार्तिनेता. तुम्हाला तित्तर वाटला यात तुमची काही चूक नाही, स्पॅनिश लोक तिकडे पोचले तेव्हा त्यांनीही सगळ्या टिनामूंना 'पेर्दिस' म्हणजे तित्तरच म्हणून टाकलं आणि ते नाव आजही चालतं.

युड्रोमिया नावाचा अर्थ काय आणि ते ठेवलं कोणी?

ग्रीकमधून आलंय, 'चांगला धावणारा' असा अर्थ. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जोफ्रॉय सेंट-हिलेर यांनी १८३२ मध्ये ठेवलं आणि अगदी शोभून दिसतं, कारण माणूस दिसला की हा पक्षी आधी चालायला लागतो, मग भरभर चालायला लागतो, मग पळतो आणि अगदीच गळ्याशी आलं तर उडतो. 'टिनामू' हा शब्द मात्र ग्रीक नाही, तो फ्रेंच गयानाकडच्या कॅरिब लोकांच्या भाषेतून आलाय.

तुम्ही सारखं जीनस जीनस का म्हणता? मराठीत प्रजाती म्हणा ना.

म्हटलं असतं, पण शाळेच्या पुस्तकात कुल, प्रजाती, जाती असा क्रम असतो म्हणजे प्रजाती म्हणजे जीनस, आणि पेपरात 'बिबट्याची दुर्मिळ प्रजाती' असं छापतात तिथे त्यांना स्पीशीज म्हणायचं असतं. मग वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणून इथे जीनस आणि जाती एवढे दोनच शब्द वापरलेत.

कुठे सापडतो? आपल्याकडे कधी दिसेल का?

नाही, आपल्याकडे एकही टिनामू नाही. युड्रोमिया फक्त दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागात. एलिगंट मुख्यतः अर्जेंटिनात, पॅटागोनियाच्या वाऱ्याच्या माळापासून ते पश्चिमेच्या झुडपी रानापर्यंत, डोंगरात साधारण २५०० मीटरपर्यंत, आणि थोडासा दक्षिण चिलीत ऐसेन भागात. केब्राचोवाला त्याच्या उत्तरेला, ग्रान चाको नावाच्या गरम कोरड्या जंगलपट्टीत, म्हणजे उत्तर अर्जेंटिना आणि पश्चिम पराग्वे. टिनामू म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर ॲमेझॉन येतं, तसले दाट रानातले टिनामू वेगळे. हा माळाचा पक्षी आहे. सोलापूरजवळ नान्नजला उन्हातान्हात फिरलेल्या माणसाला तो कसल्या जागेत राहतो हे लगेच कळेल, फक्त तिकडे थंडी आणि वारा जबरदस्त.

ओळखायचा कसा?

तुरा बघा. बारीक, काळसर, लांब, मागे जाऊन वर वळलेला, आणि पक्षी सावध झाला की तो ताठ उभा राहतो. मग चेहरा: एक पांढरा पट्टा डोळ्यामागून मानेकडे आणि दुसरा चोचीकडून गालाखालून, असे दोन. बाकी अंग राखाडी-तपकिरी, त्यावर इतकी बारीक नक्षी की लांबून नुसती माती दिसते. लांबी साधारण ४० सेंटीमीटर, वजन जागा आणि ऋतूप्रमाणे ४०० ते ८०० ग्रॅम, म्हणजे आपल्या तित्तरापेक्षा चांगलाच मोठा. शेपूट जवळजवळ नाहीच त्यामुळे मागून बघितलं तर कोणीतरी अर्धवट सोडून दिलेला पक्षी वाटतो. नर-मादी दिसायला सारखेच. तुरा दिसत नसेल आणि पट्टे दिसत असतील तर गडबड होऊ शकते, त्याचं शेवटच्या प्रश्नात लिहिलंय.

दोन जातींमध्ये फरक काय? फोटोवरून सांगता येईल का?

खरं सांगू का, फोटो कुठे काढला ते आधी सांगा. चुबुत, रिओ नेग्रो, ला पाम्पा अशा अर्जेंटिनाच्या प्रांतांतला असेल तर एलिगंट, डोळे झाकून. चाकोच्या केब्राचोच्या रानात असेल तर केब्राचोवाला. केब्राचो हे झाड आहे, नावाचा अर्थच 'कुऱ्हाडमोड्या', लाकूड इतकं टणक, आणि कातडी कमावायला लागणारं टॅनिन त्यातून निघतं. दोघांची नुसती पिसं बघून वेगळं करायला जाऊ नका, कारण एलिगंटच्याच दहाएक उपजाती आहेत, कुठली फिकी कुठली गडद, जशी जमीन तसा रंग, त्यामुळे एकच फोटो बघून छातीठोक सांगणारा माणूस बहुतेक ठोकून देतोय. काही जुने लेखक तर केब्राचोवाल्यालाही एलिगंटचीच उपजात मानायचे.

त्याला उडता येतं का?

येतं, पण जिवावर आल्यासारखं. अगदी पायाशी पोचेपर्यंत हलत नाही आणि मग एकदम फडफडाट करत उठतो, थोडं अंतर पंख मारतो, थोडं तरंगतो, खाली उतरतो आणि पुन्हा पळत सुटतो. लागोपाठ दोन-तीनदा उठवला तर दमून जातो. गंमत अशी की त्याचे उडायचे स्नायू चांगले मोठे आहेत, पण शरीराच्या मानाने हृदय सगळ्या पक्ष्यांत लहान टिनामूंचंच, म्हणजे ट्रकचं इंजिन बसवलंय आणि पेट्रोलची नळी स्कूटरची. शिवाय हवेत वळायलाही फार जमत नाही, कुंपणाच्या तारांना धडकून मरणारे टिनामू ही नेहमीची गोष्ट आहे.

तुम्ही शहामृगाचा नातेवाईक म्हणालात. हे काय, मस्करी?

अजिबात नाही, आणि माझ्यासाठी सगळा मुद्दाच हा आहे. पक्ष्यांचे दोन मोठे गट पडतात. एका लहान गटात शहामृग, दक्षिण अमेरिकेतला ऱ्हिया, इमू, कॅसोवरी, किवी आणि हे टिनामू. दुसऱ्या गटात उरलेलं सगळं जग, चिमणी, कावळा, गिधाड, मोर, कोंबडी, तित्तर. पहिल्या गटाच्या टाळूच्या हाडांची रचना जुन्या पद्धतीची असते आणि त्यावरूनच ते पूर्वीपासून एकत्र मोजले जातात. पूर्वी हिशोब सोपा वाटायचा: न उडणारे शहामृगवाले एका बाजूला सगळे सख्खे भाऊ, आणि उडणारा टिनामू बाजूला चुलत भाऊ.

मग डीएनए आला आणि घरात भांडण लागलं. २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात टिनामू बाजूला नाही तर थेट या न उडणाऱ्यांच्या मधोमध निघाला. त्यानंतर न्यूझीलंडच्या मोआंचा डीएनए, म्हणजे नामशेष झालेल्यांच्या हाडांतून काढलेला, तपासला तर टिनामूचा सगळ्यात जवळचा नातेवाईक मोआ! मोआ म्हणजे पंखाचं हाडसुद्धा नसलेला पक्षी, मोठ्या जातींच्या माद्या २०० किलोच्या वर, माओरी लोक बेटावर आल्यावर शे-दोनशे वर्षांत संपून गेला. आणि त्याचा भाऊबंद हा अर्ध्या-पाऊण किलोचा तुरेवाला. उडणारा टिनामू मधोमध बसतो याचा अर्थ बाकीच्यांनी उडणं एकदाच सोडलं नाही, वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं सोडलं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासासाठी या गटातल्या बऱ्याच पक्ष्यांचे जीनोम काढले, म्हणजे सगळा डीएनए वाचला, त्यात आपला एलिगंटही होता, आणि तिथे असं दिसलं की उडणं सुटताना प्रथिनं बनवणाऱ्या जीन्सपेक्षा त्या जीन्सना चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या भागांत बदल परत परत झालेत.

मग दिसतो तित्तरासारखा कसा?

काम सारखं म्हणून रूप सारखं. माळावर चालायचं, बिया टिपायच्या, ससाण्याची सावली पडली की जमिनीशी एकरूप व्हायचं, हे ज्याला करायचंय त्याला गोल अंग, आखूड शेपूट, मातकट पिसं लागणारच. तित्तर हा मोर-कोंबडीच्या गोतावळ्यातला आणि टिनामू शहामृगाच्या घरचा, दोघांचे पूर्वज वेगळे झाले ते डायनासोरच्या काळात. शार्क आणि डॉल्फिनचा आकार सारखा म्हणून आपण डॉल्फिनला मासा म्हणत नाही ना, तसंच हे.

त्याच्या पायाला मागचं बोट नाही असं वाचलं, खरंय?

खरंय. बहुतेक टिनामूंना मागे छोटंसं बोट असतं, पण युड्रोमिया आणि त्याचा जवळचा नातेवाईक टिनामोटिस या दोन जीनसमध्ये ते नाहीच, पुढची तीन बोटंच. मागचं बोट फांदी पकडायला उपयोगी, आणि हे पक्षी झाडावर बसतच नाहीत, रात्रीसुद्धा जमिनीवरच झोपतात. आपला माळढोक आणि धाविक बघा, दोघंही माळावर पळणारे आणि दोघांनाही मागचं बोट नाही. त्यांचा टिनामूशी काही संबंध नाही, पण वरच्या प्रश्नात म्हटलं तेच, काम सारखं.

खातो काय?

बिया, कोवळी पानं, फळं, आणि उन्हाळ्यात किडे भरपूर. शेताजवळ असेल तर अल्फाल्फामध्ये घुसतो, म्हणजे आपला लसूणघास. तिकडच्या शेतकऱ्यांना हे काही नवीन नाही.

अंड्यांचा तो फोटो खोटा आहे ना? इतकी हिरवी आणि चकचकीत अंडी?

शंभर टक्के खरा, फिल्टर नाही. टिनामूंची अंडी हा सगळ्यात भारी विषय आहे. प्रत्येक जातीचा रंग वेगळा, कुठे निळा, कुठे चॉकलेटी, कुठे जांभळट, आणि युड्रोमियाचा पिकलेल्या अव्होकाडोच्या गरासारखा हिरवा. त्यावर एकही ठिपका नाही आणि चकाकी अशी की नेलपॉलिश लावल्यासारखी, नीट बघितलं तर तुमचा स्वतःचा चेहरा दिसतो.

चकाकीचं कारण २०१४-१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात सापडलं, चार जातींची अंडी त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातली होती आणि त्यात एलिगंटही होता. कोंबडीच्या अंड्याचा सगळ्यात वरचा पापुद्रा खडबडीत असतो म्हणून उजेड इकडे तिकडे फाकतो, टिनामूचा पापुद्रा अतिशय सपाट असतो म्हणून उजेड आरशासारखा परत येतो. संपलं, जादू एवढीच.

रंगाची गोष्ट त्याहून मजेदार. पक्ष्यांच्या अंड्यांचे रंग म्हणजे दोनच रसायनं असं इतकी वर्षं सगळे मानत होते, एक निळं-हिरवं बिलिव्हर्डिन आणि एक तांबूस-तपकिरी. २०२० मध्ये एलिगंटच्या अंड्यात तिसरंच निघालं, बिलिरुबिन. हो, तेच बिलिरुबिन, कावीळ झाली की रक्ताच्या रिपोर्टमध्ये डॉक्टर जे आधी बघतात. निळ्यात ते पिवळं मिसळलं की हा हिरवा तयार. आता गंमत अशी की बिलिरुबिन उजेडात टिकत नाही, त्यामुळे जुन्या कलेक्शनमधली अंडी बघून कोणी म्हणालं की 'एवढी काही हिरवी नाहीत बुवा', तर तो माणूस खोटं बोलत नाहीये, त्याने शिळी अंडी बघितलीत.

अंडी नर उबवतो हे खरं का? आणि मादी काय करते?

खरं. झुडपाच्या आडोशाला जमिनीत उथळ खळगा, थोडं गवत, झालं घरटं. मादी पाच-सहा अंडी घालते आणि निघून जाते, बऱ्याचदा दुसऱ्या नराकडे जाऊन तिथेही घालते. एका नराच्या घरट्यात एकीपेक्षा जास्त माद्यांची अंडी असू शकतात. नर जवळपास तीन आठवडे बसतो, पिल्लं निघाली की तीही तोच सांभाळतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतात, चोचीत घास भरवणं वगैरे भानगड नाही.

आपल्याकडे हे ऐकून लोक हसतात, पण आपल्या तळ्यांवरच्या कमळपक्ष्यात तरी वेगळं काय असतं, तिथेही अंडी नरच उबवतो. आणि टिनामूच्या भाऊबंदांत तर हे घराण्याचं वळणच आहे, ऱ्हियाचा नर बसतो, इमूचा नर बसतो, तोही आठ आठवडे जवळजवळ काही न खाता.

एवढी चमकणारी अंडी तर लांबूनच कोल्ह्याला दिसतील, मग फायदा काय?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलाय आणि एकमत नाहीये. उबवताना नर जवळपास उठतच नाही आणि त्याची पिसं इतकी मातकट की अंडी झाकलेलीच राहतात, त्यामुळे रंगाचा तोटा कमी, एवढं समजतं. फायद्याबद्दल एक कल्पना अशी की दुसऱ्या माद्यांना घरटं पटकन दिसावं आणि त्यांनीही तिथेच अंडी घालावीत, कारण तशीही एका घरट्यात अनेकींची अंडी चालतात (वरचा प्रश्न बघा). मला स्वतःला ही कल्पना पटते, पण ती युड्रोमियावर पक्की सिद्ध झालीय असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका.

थव्याने राहतो की एकटा?

विणीत एकटा-दुकटा. हिवाळ्यात गोळा होतात, तीस-चाळीसचा घोळका एका रांगेत झुडपातून चालत जातो. ओरडणं म्हणजे लांबलेली, जरा उदास अशी शीळ, पक्षी दिसण्याआधी तीच ऐकू येते. धुळीत लोळून अंघोळ करायचीही सवय आहे.

आम्ही अर्जेंटिनाला चाललोय, नक्की कुठे बघायला मिळेल?

चुबुत प्रांतातलं व्हाल्डेस द्वीपकल्प. लोक तिकडे व्हेल आणि सी-लायन बघायला जातात आणि खडीच्या रस्त्यावर गाडीपुढून हा तुरा हलवत जातो तेव्हा ड्रायव्हर थांबतसुद्धा नाही. थांबायला सांगा. पुंता तोंबोला पेंग्विन बघायला गेलात तर तिथेही आजूबाजूच्या झुडपात लक्ष ठेवा. गाडीतून उतरू नका, गाडीला तो कमी घाबरतो, उतरलात की तुम्हाला फक्त शेपटीची जागा दिसेल. आणि बसलेला नर दिसला तर फोटोसाठी त्याला उठवू नका हो, तो उठला की हिरवी अंडी उघडी पडली आणि कोल्हे तिथेच फिरत असतात.

तिकडे खातात का याला?

खातात. मार्तिनेता ही तिकडे पूर्वापार शिकारीची वस्तू आहे, आणि व्हिनेगर, तेल, मसाल्यात मुरवलेलं 'एस्काबेचे' हा तिचा ठरलेला पदार्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्फातले टिनामू 'साउथ अमेरिकन क्वेल' या नावाने अमेरिकेत विकले जायचे, म्हणजे तिथेही कोणाला खरं नाव सांगायची गरज वाटली नाही. मी खाल्लं का? नाही, मी शाकाहारी आहे, हा प्रश्न दहा जणांनी विचारलाय.

म्हणजे संपत चाललाय का?

जागतिक लाल यादीत दोन्ही जाती 'लीस्ट कन्सर्न'मध्ये आहेत, म्हणजे सध्या चिंता नाही. पण दोघांची परिस्थिती एक धरू नका. पॅटागोनियात मेंढ्यांनी माळ बेसुमार चरला की आडोसा जातो, तरी माळ राहतो. चाकोत मात्र सोयाबीन आणि गुरांच्या कुरणांसाठी जंगलच्या जंगल साफ होतंय, केब्राचोवाल्याचं घर तेच. यादीतला शब्द एकच आहे म्हणून मला त्याच्याबद्दल निवांत वाटत नाही.

दुसऱ्या कुठल्या देशात सोडलेत का?

अमेरिकेत शिकारीसाठी म्हणून सोडून बघितले, तग धरला नाही. युरोपातही वेगवेगळ्या टिनामूंचे असे प्रयोग फसले. जमलं एकच, आणि ते युड्रोमियाचं नव्हे: चिलियन टिनामू ईस्टर बेटावर नेला आणि तो तिथे मस्त रुळलाय, त्यामुळे मोठमोठ्या दगडी पुतळ्यांच्या फोटोत मध्येच टिनामू दिसला तर दचकू नका.

भारतात पाळता येईल का? इमूसारखं फार्मिंग केलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी इमूचं आठवावं. आमच्या ओळखीतल्या एकांनी कर्ज काढून शेड बांधली, जाळी मारली, अंडी-मांस-तेल सगळं आम्ही परत घेतो असं एका कंपनीने सांगितलं होतं, कंपनी गेली, इमू राहिले आणि खाऊन खाऊन माणूस रिकामा केला. हिरव्यागार अंड्यांवर तेव्हा पेंटिंग करून विकायचे प्रयत्नही झाले (हो, इमूची अंडीही गडद हिरवी असतात, घराणं एकच, वर शहामृगाचा प्रश्न बघा).

टिनामूचं म्हणाल तर अमेरिका-युरोपातल्या बऱ्याच झूमध्ये आणि हौशी लोकांकडे एलिगंट असतो, पिंजऱ्यात पैदासही होते. पण परदेशातून जिवंत पक्षी आणायचा म्हणजे परवाने, पशुवैद्यकीय सर्टिफिकेट, क्वारंटाइन. कोणी 'माल तयार आहे, कागद नंतर बघू' म्हणाला तर फोन ठेवा. आणि घाबरला की हा पक्षी सरळ वर उडी मारून जाळीला डोकं आपटून घेतो, तेव्हा हौस म्हणूनही सोपा नाही.

डार्विनचं फुटकं अंडं म्हणतात ते याचंच ना?

नाही, पण भावकीतलं आहे. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे म्युझियममध्ये, एक चॉकलेटी अंडं सापडलं, त्यावर डार्विनचं नाव आणि भली मोठी तडा. बीगल जहाजाच्या प्रवासातलं ओळख पटलेलं तेवढं एकच अंडं. तडा का, तर डार्विनने स्वतः ते लहान डब्यात कोंबलं होतं, तशी नोंदच आहे. पण ते उरुग्वेतल्या मालदोनादोचं, स्पॉटेड नोथुरा नावाच्या टिनामूचं. रंगच बघा ना, युड्रोमियाचं असतं तर हिरवं असतं. मालदोनादोच्या टिनामूंना डार्विन बावळट पक्षी म्हणतो. घोड्यावरून त्याच्याभोवती गोल गोल, जवळ जवळ जात राहिलं की तो नुसता बसून राहतो, आणि शांत म्हाताऱ्या घोड्यावरचा एखादा पोरगा काठीला ऱ्हियाच्या पिसाचा फास बांधून दिवसाला तीस-चाळीस पकडतो असं त्याने लिहून ठेवलंय. फासाचं पीस ऱ्हियाचं, पकडला जाणारा टिनामू, दोघं नातेवाईक. त्या काळात हे कोणाला ठाऊक असणार.

एका ठिकाणी 'युड्रोमियास' लिहिलंय, शेवटी 'स' आहे. टायपो ना?

टायपो नाही, वेगळाच पक्षी. युड्रोमियास हे युरेशियन डॉटरेलच्या जीनसचं नाव, तो टिटवीच्या गोतावळ्यातला. प्राण्यांच्या नावांच्या नियमात जीनसच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी ती दोन वेगळी नावं धरतात, म्हणून दोन्ही चालतात. आणि नशीब बघा, त्या डॉटरेलमध्येही अंडी मुख्यतः नरच उबवतो, त्यामुळे सर्च करून अर्धवट वाचणाऱ्याला आपण बरोबर पानावर आहोत असंच वाटत राहतं. तुरा आणि हिरवी अंडी यांचा उल्लेख नसेल तर पान बंद करा.

केब्राचोवाल्याचं शास्त्रीय नाव 'फॉर्मोसा'. अर्जेंटिनात फॉर्मोसा प्रांत आहे, त्यावरूनच ना?

तसं वाटणं साहजिक आहे, चाकोतलाच प्रांत तो. पण नाही. १९०५ मध्ये तुकुमानचे निसर्गशास्त्रज्ञ मिगेल लिलो यांनी या पक्ष्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला वेगळ्या जीनसमध्ये टाकून 'कॅलोपेझस फॉर्मोसस' म्हटलं होतं. गावाचं नाव असतं तर ते असं लिंगाप्रमाणे बदललं नसतं. हे लॅटिन विशेषण आहे, अर्थ सुंदर. पुढे जीनस युड्रोमिया झाला, तो स्त्रीलिंगी, म्हणून फॉर्मोससचं फॉर्मोसा झालं. म्हणजे एक एलिगंट आणि दुसरी सुंदर, नाव ठेवणाऱ्यांनी कोणालाच नाराज केलं नाही. जुन्या पुस्तकांत 'कॅलोड्रोमास एलेगन्स' भेटला तर तोही आपला एलिगंटच.

फक्त दोनच जाती? मी तिसरं नाव वाचलंय, युड्रोमिया ओल्सोनी.

बरोबर वाचलंय, पण तो जिवंत नाही. ब्युनोस आयरेस प्रांतात सापडलेला फॉसिल आहे, प्लायोसीन काळातला, म्हणजे ढोबळमानाने ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या मधला. जिवंत जातींची यादी करताना त्याला मोजायचं नाही, जीनस किती जुना हे सांगताना मात्र असे फॉसिलच कामाला येतात.

माझ्या फोटोत चेहऱ्यावर पट्टे आहेत, मागचं बोट नाही, पण तुरा दिसत नाही. पिल्लू आहे का?

पिल्लूही असू शकतं, पण आधी विचारतो की फोटो सांता क्रुस प्रांतातला, अगदी दक्षिणेचा आहे का? तसं असेल तर तो बहुधा पॅटागोनियन टिनामू, टिनामोटिस जीनसचा. त्याच्याही डोक्या-मानेवर काळे-पांढरे पट्टे असतात आणि मागचं बोट नसतं (बोटांचा प्रश्न वर आहे), तुरा मात्र अजिबात नाही. त्याचाच भाऊ पुना टिनामू अँडीजच्या उंच पठारांवर, पेरू-बोलिव्हियाकडे. व्हाल्डेसचा फोटो असेल तर टिनामोटिसचा विचार सोडून द्या, तुरा वाऱ्याने चपटा झाला असेल. तिकडचा वारा असा आहे की माझी टोपी अजून तिथेच कुठेतरी आहे.